ओंकारेश्वर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प

ओंकारेश्वर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प हा भारतातील मध्य प्रदेश राज्याच्या खांडवा जिल्ह्यात, नर्मदा नदीवरील ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयावर टप्प्याटप्प्याने उभारला जाणारा वीजप्रकल्प आहे. त्याची नियोजित क्षमता ६०० मेगावॅट असून त्यासाठी सुमारे २,००० हेक्टर जलपृष्ठ वापरण्याचे ठरवण्यात आले. पहिल्या टप्प्यातील २७८ मेगावॅट क्षमतेचे करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाले आणि २०२४ मध्ये या टप्प्यातून वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. प्रकल्पाचे नियोजन रेवा अल्ट्रा मेगा सोलर लिमिटेड या सरकारी कंपनीने केले आहे.

धरणाचे जलविद्युत केंद्र ५२० मेगावॅट क्षमतेचे आहे. त्यामुळे सौर प्रकल्प पूर्ण झाल्यास जलाशयाच्या पृष्ठभागावरील वीजक्षमता धरणाच्या पायथ्याशी असलेल्या क्षमतेहून अधिक होईल. शेतजमीन न वापरता सौरवीज मिळवणे हे या योजनेचे मुख्य उद्दिष्ट सांगितले जाते. मात्र ज्या पाण्यावर हा प्रकल्प उभा राहत आहे, त्या पाण्याखाली सुमारे ३० गावांची जमीन आहे आणि त्याच पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबे अवलंबून आहेत. त्यामुळे जलपृष्ठाचा वापर कोणी व कोणत्या अटींवर करावा, हा प्रश्न या प्रकल्पाच्या निमित्ताने पुढे आला.

धरण व जलाशय

ओंकारेश्वर धरण मांधाता बेटावरील ज्योतिर्लिंग क्षेत्राच्या किंचित वरच्या बाजूस आहे. त्याचे बांधकाम २००३ ते २००७ या काळात झाले. जलविद्युत केंद्रात प्रत्येकी ६५ मेगावॅटचे ८ संच आहेत. धरणाची मालकी व परिचालन एनएचडीसी या कंपनीकडे असून ती राष्ट्रीय जलविद्युत निगम (एनएचपीसी) व मध्य प्रदेश शासन यांची संयुक्त कंपनी आहे. वीजनिर्मितीबरोबरच सिंचन हाही धरणाचा हेतू आहे.

नर्मदेच्या प्रवाहात या धरणाचे स्थान साखळीतील मधल्या कडीसारखे आहे. त्याच्या वर सुमारे ४० किलोमीटरवर इंदिरासागर धरण आहे. इंदिरासागरचा जलाशय ९०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर पसरलेला असून त्याची एकूण साठवणक्षमता १२.२२ अब्ज घनमीटर आहे. तेथील १,००० मेगावॅटच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी ओंकारेश्वरच्या जलाशयात येते. ओंकारेश्वरचा जलाशय त्यामानाने लहान आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे क्षेत्र सुमारे ९३ चौरस किलोमीटर होते आणि उपयुक्त साठा सुमारे ३० कोटी घनमीटर इतकाच आहे. याचा अर्थ असा की नर्मदेच्या पुराचे पाणी वर्षभरासाठी साठवण्याचे काम प्रामुख्याने इंदिरासागर करते. ओंकारेश्वर हे वरून येणारे नियमित पाणी थोडा काळ अडवून पुन्हा वीजनिर्मितीसाठी वापरते व खाली सोडते.

स्थळाची निवड

तरंगत्या सौर प्रकल्पासाठी जलाशय निवडताना पाण्याच्या पातळीतील चढउतार हा निर्णायक घटक ठरतो. सिंचनाच्या मोठ्या जलाशयांत पावसाळ्याअखेरची पातळी आणि उन्हाळ्यातील पातळी यांत १० ते २० मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक फरक पडू शकतो. पाणी खाली गेले की काठाजवळचा भाग उघडा पडतो. तेथे तरंगणारी रचना चिखलावर टेकते, वाकते व तुटते. खोल भागातही नांगराचे दोर एवढ्या फरकाला पुरतील इतके लांब ठेवावे लागतात. पातळी खाली असताना हे दोर सैल पडतात आणि पॅनेलांचे संच जागेवरून सरकतात.

ओंकारेश्वर येथे पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १९६.६ मीटर आणि किमान उपसा पातळी सुमारे १९३.५ मीटर आहे. म्हणजे नेहमीच्या परिचालनात पातळी साधारण ३ मीटरच्या मर्यादेत राहते. वर इंदिरासागरसारखे मोठे साठवण धरण असल्यामुळेच हे शक्य होते. हा गुण जलाशयाला निसर्गतः लाभलेला नसून नदीखोऱ्यातील धरणांच्या साखळीतून आलेला आहे.

निवडीची दुसरी कारणे व्यावहारिक स्वरूपाची होती. जलाशय शासकीय ताब्यात असल्याने स्वतंत्र भूसंपादनाची गरज नव्हती. ६०० मेगावॅटचा सौर प्रकल्प जमिनीवर उभारायचा झाल्यास हजारापेक्षा अधिक हेक्टर सलग क्षेत्र लागते. अशी जमीन अनेक खातेदारांकडून मिळवणे हे सौर प्रकल्प रखडण्याचे एक प्रमुख कारण असते. शिवाय जलविद्युत केंद्रामुळे या परिसरात पारेषणाचे जाळे आधीपासून होते. माळव्याच्या दक्षिणेस व निमाडमध्ये पावसाळा वगळता आकाश बहुतांश निरभ्र असते, त्यामुळे सौरप्रारणही चांगले मिळते.

नियोजन व करार

रेवा अल्ट्रा मेगा सोलर लिमिटेड ही कंपनी २०१५ मध्ये स्थापन झाली. भारतीय सौरऊर्जा महामंडळ (सेकी) आणि मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम यांचा त्यात समान वाटा आहे. रेवा जिल्ह्यातील ७५० मेगावॅटचा जमिनीवरील सौर प्रकल्प हे तिचे पहिले मोठे काम होय. अशा प्रकल्पांत ही कंपनी स्वतः वीज निर्माण करत नाही. जागा, परवानग्या व पारेषण यांची व्यवस्था ती करते आणि स्पर्धात्मक निविदांद्वारे विकासक निवडते. सर्वांत कमी दराने वीज देण्याची तयारी दाखवणाऱ्या विकासकास काम मिळते.

ओंकारेश्वरच्या संपूर्ण प्रकल्पासाठी सुमारे ३,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा अंदाज जाहीर करण्यात आला होता. पहिल्या टप्प्याच्या निविदा प्रक्रियेनंतर ४ ऑगस्ट २०२२ रोजी भोपाळ येथे तीन विकासकांशी करार झाले. त्यांचा तपशील पुढीलप्रमाणे आहे :

• ॲम्प एनर्जी : १०० मेगावॅट, प्रतियुनिट ३.२१ रुपये
• एनएचडीसी : ८८ मेगावॅट, प्रतियुनिट ३.२२ रुपये
• सतलज जलविद्युत निगम (एसजेव्हीएन) : ९० मेगावॅट, प्रतियुनिट ३.२६ रुपये

ही वीज २५ वर्षे मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनी खरेदी करणार आहे. या तिघांपैकी एनएचडीसी ही स्वतः धरणाची मालक आहे, तर एसजेव्हीएन ही मूळची जलविद्युत क्षेत्रातील सरकारी कंपनी आहे.

जमिनीवरील प्रकल्पांशी तुलना केल्यास हे दर चढे आहेत. याच संस्थेने २०२१ मध्ये नीमच सौर उद्यानासाठी मागवलेल्या निविदांत प्रतियुनिट सुमारे २.१४ रुपये इतका नीचांकी दर आला होता. सुमारे एक रुपयाचा हा फरक मुख्यतः तरंगती रचना, नांगर, पाण्यातील केबल आणि पाण्यावरील देखभाल यांच्या खर्चातून येतो. एसजेव्हीएनच्या ९० मेगावॅटच्या भागाचा खर्च सुमारे ६४६ कोटी रुपये सांगण्यात आला आहे, म्हणजे प्रतिमेगावॅट ७ कोटी रुपयांहून थोडा अधिक. या भागातून पहिल्या वर्षी सुमारे १९ कोटी ६५ लाख युनिट वीज मिळेल असा अंदाज कंपनीने वर्तवला होता.

रचना

तरंगत्या सौर प्रकल्पातील पॅनेल जमिनीवरील पॅनेलांसारखेच असतात. फरक त्यांच्या आधारात असतो. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे पोकळ ठोकळे एकमेकांना जोडून तराफ्यासारखी सलग पृष्ठे तयार केली जातात आणि त्यांवर पॅनेल बसवले जातात. हे प्लास्टिक सूर्यप्रकाशात लवकर ठिसूळ होऊ नये यासाठी त्यात विशिष्ट द्रव्ये मिसळलेली असतात. देखभालीसाठी ठोकळ्यांच्याच पायवाटा सोडलेल्या असतात. तयार झालेले भाग काठावरून पाण्यात ढकलतात आणि बोटींच्या साहाय्याने ओढून ठरलेल्या जागी नेतात.

पॅनेलांचा कल जमिनीवरील प्रकल्पांच्या तुलनेत कमी ठेवला जातो. कल वाढवला तर वर्षभरात थोडी अधिक वीज मिळते, पण वाऱ्याचा रेटाही वाढतो आणि तो सर्व नांगरांवर येतो. तराफ्याच्या कडांपासून निघालेले दोर जलाशयाच्या तळाशी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना किंवा तळात रोवलेल्या नांगरांना बांधलेले असतात. पातळी बदलली तरी तराफा फार सरकू नये आणि पॅनेलांची दिशा कायम राहावी, यासाठी त्यांची लांबी व ताण काळजीपूर्वक ठरवावा लागतो.

पॅनेलांतून मिळणारा एकदिश विद्युतप्रवाह इन्व्हर्टरमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहात बदलला जातो. रोहित्रातून त्याचा दाब वाढवून तो केबलद्वारे काठावरील उपकेंद्रात नेला जातो व तेथून पारेषण वाहिन्यांत सोडला जातो.

प्रकल्पाच्या क्षमतेचे आकडे वाचताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. करारातील क्षमता ही ग्रिडला दिल्या जाणाऱ्या प्रत्यावर्ती विजेची असते, तर बसवलेल्या पॅनेलांची कमाल क्षमता त्याहून जास्त असते. एनएचडीसीच्या ८८ मेगावॅट भागात सुमारे १२६ मेगावॅट कमाल क्षमतेचे दोन लाखांहून अधिक पॅनेल असून ते सुमारे २६० हेक्टर क्षेत्रावर पसरलेले आहेत. सकाळी, सायंकाळी व ढगाळ वेळी पॅनेल कमाल क्षमतेने चालत नाहीत. ही तूट भरून निघावी म्हणून जास्तीचे पॅनेल बसवण्याची पद्धत आहे. या भागातील पॅनेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे आहेत, त्यामुळे पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचाही काही उपयोग होतो.

पाण्याच्या सान्निध्यात पॅनेलांचे तापमान तुलनेने कमी राहते. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलांची कार्यक्षमता तापमान वाढेल तशी घटत असल्याने तरंगत्या पॅनेलांना याचा लाभ मिळतो. हा लाभ किती असेल ते वारा व रचनेच्या मोकळेपणावर अवलंबून असते. पॅनेल पाण्यालगत दाटीने बसवलेले असतील आणि खालून हवा खेळत नसेल, तर तो अल्प राहतो.

सौर व जलविद्युत यांचा मेळ

सौरवीज दिवसा मिळते व ढगांबरोबर कमीजास्त होते. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येतात. दुपारी सौरवीज भरपूर असताना संच थांबवून पाणी राखून ठेवावे आणि सूर्यास्तानंतर मागणी वाढल्यावर ते वापरावे, ही दोहोंच्या मेळामागील मूळ कल्पना आहे. असा जलाशय काही प्रमाणात बॅटरीचे काम करतो. ऋतुमानाच्या दृष्टीनेही दोन्ही स्रोत परस्परपूरक आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे सौरवीज घटते, त्याच वेळी नर्मदेला भरपूर पाणी असते. मार्च ते मे या महिन्यांत पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा ऊन सर्वाधिक असते.

ओंकारेश्वर येथे या मेळाला काही मर्यादा आहेत. पहिली मर्यादा जलाशयाच्या लहान उपयुक्त साठ्याची आहे. पाणी काही तास किंवा काही दिवस अडवता येते, पण महिनोन्‌महिने राखून ठेवण्याचे काम इंदिरासागरलाच करावे लागते. दुसरी मर्यादा कायदेशीर आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ मधील निवाड्यानुसार मध्य प्रदेशाने खालच्या बाजूस सरदार सरोवरासाठी नियमित पाणी सोडणे बंधनकारक आहे. त्यामुळे पाणी केव्हा व किती सोडायचे, हे केवळ विजेच्या मागणीवरून ठरवता येत नाही.

तिसरी मर्यादा नदीकाठच्या लोकांच्या सुरक्षिततेशी संबंधित आहे. सौरविजेतील चढउतार भरून काढण्यासाठी संच वारंवार चालू-बंद केले, तर धरणाखालील पात्रात पाणी अचानक वाढते वा कमी होते. ओंकारेश्वरचे घाट धरणाच्या लगेच खाली आहेत आणि तेथे वर्षभर भाविक स्नान करतात. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू व नर्मदा परिक्रमा करणारे यांची संख्याही त्यांत मोठी असते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे यात्रेच्या वेळी इंदिरासागरमधून सोडलेल्या पाण्यामुळे नदीची पातळी अचानक वाढून अनेक भाविक वाहून गेले व मृत्युमुखी पडले. संचांच्या वेळापत्रकात बदल करताना पूर्वसूचनेची व्यवस्था किती आवश्यक आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

पर्यावरणीय बाबी

पॅनेलांखालील पाण्यावर ऊन व वारा कमी पोहोचत असल्याने बाष्पीभवन घटते. पाणीटंचाईच्या प्रदेशांत हा मोठा लाभ मानला जातो. ओंकारेश्वरच्या बाबतीत मात्र त्याचे महत्त्व तुलनेने मर्यादित आहे. येथे वरून सतत पाणी येत असते आणि पॅनेलांनी पृष्ठभागाचा सुमारे एक पंचमांश भाग व्यापला जाणार आहे.

सूर्यप्रकाश अडल्याने पाण्यातील शैवालाची वाढ कमी होते. ज्या जलाशयांत शैवाल प्रमाणाबाहेर वाढते, तेथे हा परिणाम इष्ट असतो. परंतु शैवाल व प्लवक हे माशांच्या अन्नसाखळीचा पाया आहेत. प्रकाशसंश्लेषण कमी झाले आणि वाऱ्यामुळे पाणी ढवळले जाणेही थांबले, तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटू शकते. आच्छादन किती टक्के आहे, ते उथळ भागावर आहे की खोल भागावर आणि पाणी किती वेगाने बदलते, यांवर हे परिणाम अवलंबून असतात. उथळ काठ ही अनेक माशांची अंडी घालण्याची व पाणपक्ष्यांची चरण्याची जागा असते. म्हणून पॅनेल काठापासून दूर ठेवणे आणि संचांमध्ये मोकळे पाणी सोडणे हे सामान्यतः सुचवले जाणारे उपाय आहेत.

भारतात सौर प्रकाशविद्युत प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहेत. त्यामुळे अशा प्रकल्पांना त्या अधिसूचनेखालील पूर्वपरवानगी व जनसुनावणी अनिवार्य नाही. जमिनीवरील प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून दिलेली ही सवलत हजारो हेक्टर जलपृष्ठ व्यापणाऱ्या प्रकल्पांनाही तशीच लागू असावी का, हा चर्चेचा विषय आहे. जनसुनावणी नसल्याने जलाशयावर अवलंबून असलेल्या लोकांना आपले म्हणणे नोंदवण्यासाठी त्या प्रक्रियेतील ठरलेले व्यासपीठ मिळत नाही.

विस्थापन आणि मासेमारी

ओंकारेश्वर धरणामुळे खांडवा व देवास जिल्ह्यांतील सुमारे ३० गावे बाधित झाली. पुनर्वसनाच्या प्रश्नावर नर्मदा बचाव आंदोलनाने दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. जमिनीच्या बदल्यात जमीन ही प्रकल्पग्रस्तांची प्रमुख मागणी होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ओंकारेश्वरच्या विस्थापितांच्या जमिनीच्या हक्कासंबंधी निर्णय दिला.

पुनर्वसन अपुरे असल्यामुळे धरण बांधून झाल्यावरही जलाशय अनेक वर्षे पूर्ण भरण्यात आला नव्हता. २०१२ मध्ये पातळी १८९ मीटरच्या वर नेण्यास विरोध म्हणून घोगलगाव येथे ग्रामस्थांनी छातीभर पाण्यात उभे राहून जलसत्याग्रह केला. १७ दिवसांनंतर, १० सप्टेंबर २०१२ रोजी, राज्य शासनाने पातळी १८९ मीटरपर्यंत खाली आणण्याचे व जमीन देण्याचे मान्य केले. २०१५ मध्ये पातळी १९१ मीटर करण्यात आली, तेव्हा त्याच गावात सुमारे महिनाभर पुन्हा जलसत्याग्रह झाला. २०१९ मध्ये पातळी पूर्ण संचय पातळीकडे नेण्यास सुरुवात झाली, तेव्हाही आंदोलन झाले.

तरंगत्या सौर प्रकल्पाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. ज्या स्थिर जलपातळीमुळे हे स्थळ योग्य ठरले, ती जलाशय भरल्यानंतरच प्राप्त झाली. जमीन गेल्यानंतर काठावरील काही कुटुंबांनी मासेमारी हा उपजीविकेचा मार्ग स्वीकारला होता. पॅनेलांनी व्यापलेल्या भागात जाळी टाकता येत नाहीत आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव बोटींच्या वावरावर बंधने येतात. प्रकल्पाचे काम सुरू होताना काठच्या गावांतील मच्छीमारांनी या कारणांवरून विरोध केला. एकदा जमीन गमावलेल्यांनी दुसऱ्यांदा उपजीविका गमावू नये, असे त्यांच्या मागणीचे स्वरूप होते. प्रकल्पाच्या समर्थकांच्या मते जलाशयाचा बहुतांश भाग मोकळाच राहणार आहे आणि कोणतेही नवे गाव विस्थापित होत नाही.

या वादामागे एक कायदेशीर त्रुटी आहे. भूसंपादन कायद्यांत जमिनीच्या मालकास मोबदला देण्याची तरतूद असते. जलाशय ही शासकीय मालमत्ता असल्याने तेथे मासे पकडणाऱ्याचा मालकी हक्क नसतो. त्याच्याकडे फार तर परवाना किंवा सहकारी संस्थेचे सदस्यत्व असते. पाण्याचा काही भाग दुसऱ्या कामासाठी दिला गेला, तर त्याला भूसंपादनासारखा मोबदला मिळण्याचा स्पष्ट मार्ग उपलब्ध नसतो. ‘जमीन लागत नाही’ हे वैशिष्ट्य विकासकाचा वेळ व खर्च वाचवते, पण त्याच वैशिष्ट्यामुळे बाधित व्यक्ती कागदोपत्री अदृश्य राहण्याचा संभव असतो.

अंमलबजावणी

पहिल्या टप्प्याचे काम सुरू असताना एप्रिल २०२४ मध्ये उन्हाळी वादळाने प्रकल्पाच्या एका भागातील पॅनेलांचे नुकसान केले. वळिवाच्या अशा वादळांत वाऱ्याचा वेग अचानक वाढतो आणि विस्तृत जलपृष्ठावर त्याला अडथळा नसल्याने लाटाही उठतात. तराफ्याच्या कडेच्या ओळींवर वारा व लाटा यांचा भार सर्वाधिक येतो. तेथील जोड तुटल्यास पॅनेल एकमेकांवर चढतात आणि नुकसान आतल्या ओळींपर्यंत पसरू शकते. सर्व नांगर व जोड पूर्ण होण्यापूर्वीचा काळ या दृष्टीने विशेष जोखमीचा असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये एसजेव्हीएनचा ९० मेगावॅटचा भाग कार्यान्वित झाला. एनएचडीसीचा ८८ मेगावॅटचा भागही त्यानंतर उभा राहिला. मूळ ६०० मेगावॅटच्या आराखड्यातील उर्वरित क्षमता पुढील टप्प्यात उभारण्याचे नियोजन आहे.

अन्य जलाशयांवरील प्रकल्प

तरंगत्या सौर पॅनेलांचा पहिला प्रयोग २००७ मध्ये जपानमधील ऐची येथे झाला. त्याची क्षमता २० किलोवॅट होती. जलविद्युत धरणाशी सांगड घालण्याचा आरंभीचा प्रयोग २०१७ च्या सुमारास पोर्तुगालमधील आल्टो राबागाँव धरणावर २२० किलोवॅट क्षमतेने करण्यात आला. त्यानंतर या प्रकल्पांचे आकारमान झपाट्याने वाढले. थायलंडमधील सिरिंधोर्न धरणावर २०२१ मध्ये ४५ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. इंडोनेशियातील चिराता जलाशयावर नोव्हेंबर २०२३ मध्ये १९२ मेगावॅट कमाल क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. जगातील मानवनिर्मित जलाशयांचा केवळ १ टक्का पृष्ठभाग वापरल्यास सुमारे ४०० गिगावॅट क्षमता उभी राहू शकते, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे.

भारतात केरळमधील बाणासुर सागर जलाशयावर २०१७ मध्ये ५०० किलोवॅटचा प्रकल्प उभारण्यात आला. २०२२ मध्ये तेलंगणातील रामगुंडम येथे राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाचा (एनटीपीसी) १०० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण झाला. मात्र तो नदीवरील जलविद्युत धरणावर नसून औष्णिक केंद्राच्या जलाशयावर आहे. अशा जलाशयात पाण्याची पातळी व वापर केंद्राच्याच नियंत्रणात असल्याने उपजीविकेचे प्रश्न तुलनेने कमी उद्भवतात.

महाराष्ट्रात पैठण येथील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पाचे नियोजन टीएचडीसी या सरकारी कंपनीने केले आहे. या धरणावर १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, पण धरणाचा मुख्य हेतू सिंचन व पाणीपुरवठा हा आहे. ओंकारेश्वरपेक्षा येथील परिस्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. मराठवाड्यात पाण्याची टंचाई असल्याने बाष्पीभवन कमी होण्याचे मोल येथे अधिक आहे. दुसरीकडे, नाथसागरची पातळी वर्षभरात बरीच खालीवर होते. हा उथळ जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर पाणपक्षी उतरतात आणि शेतकरी गाळपेर करतात. पैठण येथील कहार समाजाच्या पंच समितीने प्रकल्पाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. ती फेटाळली गेल्यानंतर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.